शर्यतीच्या घोड्याचे चार पाय

कर्जत तालुक्यांतील माथेरानचे जुने बंगले आणि बोरघाटाच्या पायथ्याशीं असलेलीं खोपोली-खालापुराकडील कांहीं जुनीं घरें यांतून अलीकडे बरेंच सामानसुमान बाहेर पडूं लागलें आहे. घर विकलें जातें, वारस मुंबईस असतात, आणि भिंतीवरील चित्रें कपाटा-खुर्च्यांबरोबर एका रकमेंत उठतात. ह्या चित्रांत इंग्रजी घोडशर्यतीचीं चित्रें वरचेवर आढळतात. हिरवें मैदान, ओळीनें धांवणारे चार-पांच घोडे, जॉकींच्या अंगांत रंगीत रेशमी कुडतीं, आणि कडेला एक पांढरा खांब, असा त्यांचा ठरीव थाट असतो. आमच्या संग्राहक मित्रांकडे अशीं चित्रें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि त्यांपैकीं तिहींवर ‘माथेरानची जुनी शर्यत’ अशी चिठ्ठी चिकटविलेलीहि पाहिली आहे. चिठ्ठी एकदां चिकटली कीं ती पुढच्या स्थानिक इतिहासांत उतरते, आणि तेथून ती काढणें हें गोंद सोडविण्याइतकें सोपें नसतें. म्हणून ह्या चित्रांचें ऐतिहासिक साधन या दृष्टीनें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. चित्रकलेचें शास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि पोथी पारखण्याचे जे नियम आपणां सर्वांस परिचित आहेत, तेच बहुतांशीं येथेंहि लागू पडतात.

प्रथम चिठ्ठीचाच निकाल लावूं. माथेरानचें पठार ठाण्याचा तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यानें इ. स. १८५० च्या मे महिन्यांत पाहिलें आणि त्यानंतर तेथें वस्ती झाली. म्हणजे तेथील शर्यतीचें चित्र त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. आतां आम्हीं पाहिलेल्या चित्रांपैकीं दोन ‘ॲक्वाटिंट’ जातीचीं आहेत. ह्या रीतींत तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून तो तेजाबांत खाववितात. पुडीच्या कणांमधून तेजाब उतरतें आणि छापल्यावर पातळ शाईचा हात फिरविल्यासारखी छटा उमटते. तिच्यावर मग हातानें रंग भरतात. भिंग लावून पाहिल्यास छटेंतील दाणा स्पष्ट दिसतो. हा प्रकार इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या अखेरच्या पादांत भरभराटीस आला आणि एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत शिळाछापानें त्यास मागें टाकलें. माथेरानची वस्ती होऊं लागली तेव्हां ही कला मावळतीस लागली होती.

दुसरी खूण स्वाराच्या बैठकीची. चारहि चित्रांत जॉकी लांब रिकिबींत पाय टाकून ताठ बसला आहे. आज शर्यतींत दिसणारी बैठक, म्हणजे आंखूड रिकिबी आणि घोड्याच्या मानेवर ओणवलेला स्वार, ही इंग्लंडांत रुळली ती १८९७ मध्यें टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी तेथें आल्यानंतर. तिसरी खूण भूमीची. माथेरानची माती तांबडी, खालीं जांभा दगड, आणि ऑलिंपियाच्या मैदानाभोंवतीं दाट झाडी. चित्रांत मात्र गवताळ माळ सपाट पसरत जाऊन क्षितिजास टेंकला आहे. एका मित्रानें दूरच्या अस्पष्ट निळ्या रेषेस प्रबळगड म्हटलें. प्रबळगड ज्यानें पाहिला आहे त्यानें असें म्हणावें याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. चौथी खूण शेंपटांची. चित्रांतील घोड्यांचीं शेंपटें आंखूड छाटलेलीं आहेत. मुंबई-पुण्याकडच्या शर्यतींत एकोणिसाव्या शतकांत मुख्यत्वें अरबी घोडे धांवत, आणि अरबी घोड्याची शोभा त्याच्या उंच धरलेल्या पूर्ण शेंपटांत मानीत. तेव्हां हीं चित्रें विलायतेंतील मैदानांचीं आहेत, माथेरानचीं नव्हेत, असा आमचा स्पष्ट निर्णय आहे.

मग तीं येथें आलीं कशीं, याचें उत्तर कठीण नाहीं. मुंबईस भायखळ्याचें मैदान, पुढें १८८३ पासून महालक्ष्मीचें. पुण्यास १८३० पासूनचें मैदान. अशा दोन्ही टोंकांस शर्यतीचा शोक होता आणि मधली वाट आमच्या ह्या प्रांतांतून जात होती. बोरघाटावरून आगगाडी १८६३ मध्यें सुरू झाली. त्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जावयाचें म्हणजे होडीनें पनवेल, तेथून खालापूर, खोपोली, आणि घाट चढून खंडाळें. गाड्या जाण्याजोगा घाटरस्ता मालकमनें १८३० मध्यें खुला केला. बसऱ्याकडून गलबतांवर आलेला अरबी घोडा मुंबईस विकला जाऊन पुण्यास निघाला, तर तो मोतद्दाराच्या हातीं ह्याच वाटेनें पायींपायीं जाई. खोपोलीस नाना फडणीसांनीं बांधविलेलें तळें आहे. वाटेवरील तें मोठें पाणी असल्यानें पुष्कळ नामांकित घोड्यांनीं तें चाखलें असेल. घोड्यांमागोमाग घोडेवाले साहेब आणि साहेबांमागोमाग त्यांच्या भिंतींवरील चित्रें डोंगरावर चढलीं. माथेरानांत ऑलिंपियावर शर्यती झाल्या हें खरेंच आहे. परंतु त्या धांवल्या त्या डोंगरावरच्या टणक लहानखोऱ्या घोड्यांच्या. मोटारीस बंदी असल्यामुळें आजहि माथेरानांत ओझें आणि माणूस त्यांच्याच पाठीवरून जातो. दिवाणखान्यांतून टांगलीं गेलीं तीं मात्र न्यूमार्केटच्या आणि एप्समच्या घोड्यांचीं चित्रें.

येथें एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. माथेरान शोधणारा हा मॅलेट पेशव्यांच्या दरबारींचा इंग्रज वकील सर चार्ल्स वेअर मॅलेट याचा मुलगा, आणि त्याची आई सुझाना ही चित्रकार जेम्स वेल्स याची मुलगी. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांच्या तसबिरी ज्यानें काढल्या तोच हा वेल्स. १७९५ मध्यें तो मरण पावला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलनें पुणें दरबाराचें मोठें चित्र पुरें करून १८०५ मध्यें लंडनांत मांडलें. तेव्हां माथेरानचा आणि आंग्ल चित्रकलेचा संबंध आहे, पण तो शर्यतीच्या मैदानावरून आलेला नसून शनिवारवाड्यावरून आलेला आहे. आमच्या संग्राहकांनीं ह्या घराण्याच्या कागदांकडे अधिक लक्ष दिलें असतें तर बरें झालें असतें.

आतां चित्रांच्या अंतरंगाकडे वळूं. ह्या सर्व चित्रांत धांवणारा घोडा एकाच रीतीनें काढलेला आहे: पुढचे दोन्ही पाय पुढें ताणलेले, मागचे दोन्ही मागें ताणलेले, पोट जवळजवळ जमिनीस समांतर, आणि चारहि खूर अधांतरीं. आपल्याकडे ‘घोडा चौखूर उधळला’ असें म्हणतात, तेव्हां बहुतेकांच्या डोळ्यांपुढें हेंच रूप उभें राहतें. प्रत्यक्षांत कोणताहि घोडा असा धांवत नाहीं. कॅलिफोर्नियांत पालो आल्टो येथें एडवर्ड मायब्रिज यानें १८७८ च्या जूनमध्यें धांवत्या घोड्याचीं लागोपाठ छायाचित्रें घेतलीं, तेव्हां दिसून आलें कीं घोड्याचे चारहि पाय जमीन सोडतात हें खरें, पण ज्या क्षणीं सोडतात त्या क्षणीं ते पसरलेले नसतात. ते पोटाखालीं एकत्र गोळा झालेले असतात. पाय लांब ताणले जातात तेव्हां एखादा तरी खूर जमिनीवर असतोच. म्हणजे शतकानुशतकें चित्रकारांनीं दोन वेगवेगळ्या क्षणांचे पाय एका घोड्यास लावले होते.

ही चूक इंग्रजांचीच असें मात्र समजूं नये. सालोमाँ रैनाख ह्या फ्रेंच पुराणवस्तुवेत्त्यानें १९०० च्या सुमारास ह्या पसरलेल्या घोड्याचा माग काढला, तो प्राचीन मायसीनीपासून चीनपर्यंत गेला. ह्यास चूक म्हणण्यापेक्षां संकेत म्हणणें अधिक योग्य होईल. आमच्या साहित्यशास्त्रांत ‘कविसमय’ म्हणून एक सोय आहे आणि राजशेखरानें काव्यमीमांसेंत तिचा विस्तार केला आहे. चकोर चांदणें पितो असें कवि म्हणतो. त्यावरून कोणी पक्षिशास्त्र लिहीत नाहीं आणि कवीस खोटाहि म्हणत नाहीं. त्याच न्यायानें पसरलेल्या पायांचा घोडा हा ‘चित्रसमय’ होय. त्याचा अर्थ इतकाच कीं घोडा वेगांत आहे. त्यावरून घोड्याची जात, चाल किंवा शिक्षण यांचें अनुमान करणें म्हणजे चकोराच्या आहाराची चिकित्सा करण्यासारखें आहे. असें अनुमान आम्हीं छापलेलें पाहिलें आहे म्हणूनच हें लिहावें लागत आहे.

शिल्पकार रोदँ यानें १९११ मध्यें ह्याच्या उलट बाजू मांडली. फ्रेंच चित्रकार जेरिको यानें १८२१ मध्यें इंग्लंडांत काढलेलें एप्समच्या शर्यतीचें चित्र लूव्रमध्यें आहे आणि त्यांतील घोडे असेच पसरलेले आहेत. रोदँचें म्हणणें असें कीं काळ थांबत नाहीं, छायाचित्र त्यास थांबवितें, म्हणून खोटें बोलतें तें छायाचित्र. चित्र म्हणून विचार केला तर हें म्हणणें आम्हांस पटतें. मायब्रिजनंतरचे कित्येक ‘शुद्ध’ घोडे धांवतांना दिसत नाहींत, अडखळतांना दिसतात. परंतु साक्षीदार म्हणून चित्रास उभें करावयाचें असेल तर रोदँची वकिली चालणार नाहीं.

आमच्या पूर्वजांनीं घोड्याच्या गतींचा विचार केला होता. अमरकोशांत पांच धारा दिल्या आहेत: आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत. ह्यांपैकीं प्लुत म्हणजे उडी. पायांचे तपशील शब्दांनीं सांगणें अवघड, हें कालिदास जाणत होता असें दिसतें. शाकुंतलाच्या प्रथमांकांत लगाम सैल सोडलेल्या रथाच्या घोड्यांचें जें वर्णन आहे तें पुनः वाचून पाहावें. तेथें घोड्यांचें पुढचें अंग आहे, तुरे आहेत, कान आहेत, धूळ आहे. पायांविषयीं एक अक्षर नाहीं. जें हलत नाहीं त्यावरून वेग दाखविला आहे. आणि ‘प्लुत’ हा शब्द त्यानें योजला तो शेजारींच, पळणाऱ्या हरणासाठीं. वेगाचें चित्र काढणाऱ्यास कवीनें दाखविलेली ही वाट खुली होती. आंग्ल चित्रकारांपैकीं फार थोड्यांनीं ती धरली.

जॉर्ज स्टब्स हा त्या थोड्यांतील अग्रणी. लिव्हरपूल येथें १७२४ मध्यें चामडें कमावणाऱ्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. लिंकनशायरांतील हॉर्क्स्टो गांवीं एका एकाकी शेतघरांत सुमारें दीड वर्ष मेलेले घोडे टांगून, थर थर सोलून त्यानें अस्थि आणि स्नायु रेखाटले, आणि ‘घोड्याची शरीररचना’ हा ग्रंथ स्वतः पत्रे कोरून १७६६ मध्यें प्रसिद्ध केला. घोडा आंतून इतका ठाऊक असलेला हा मनुष्य धांवता घोडा काढण्यास सहसा धजत नाहीं, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. जेव्हां काढतो, जसें १७९१ च्या ‘बॅरोनेट’ नांवाच्या घोड्याच्या चित्रांत, तेव्हां तोहि चित्रसमयास शरण जातो. पण उभा घोडा काढावा तर त्यानेंच.

‘न्यूमार्केटच्या माळावर गिमक्रॅक’ हें त्याचें सुमारें १७६५ चें चित्र घ्या. गिमक्रॅक हा लहानसा करड्या रंगाचा घोडा. चित्राच्या मागील भागांत तो शर्यत जिंकीत आहे. पुढील भागांत तोच घोडा खरारा करण्याच्या घराजवळ उभा आहे, शेजारीं त्यास तयार करणारा, पायाशीं बसलेला मोतद्दार पोऱ्या आणि नुकताच उतरलेला जॉकी. एका फलकावर दोन काळ! यूरोपांतील टीकाकारांस ह्याचें नवल वाटतें. भागवताच्या सचित्र पोथींत एकाच पानावर तोच कृष्ण तीनदां काढलेला पाहण्याची संवय असलेल्या आपल्या वाचकांस तें वाटूं नये. मागील शर्यतीपाशीं प्रेक्षक मुळींच नाहींत आणि प्रेक्षागृहाचीं दारें बंद आहेत. म्हणून ती जाहीर शर्यत नसून खासगी चांचणी असावी असें अनुमान करतात. हें अनुमान घोड्याच्या पायांवरून नव्हे, बंद दारांवरून काढलेलें आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. चित्र साक्ष देतें तें अशा ठिकाणीं.

‘हॅम्बलटोनियन’चें चित्र ह्याहून गंभीर. २५ मार्च १७९९ रोजीं न्यूमार्केट येथें हॅम्बलटोनियन आणि डायमंड ह्या दोन घोड्यांची ३००० गिनींची पैज लागली. चार मैलांहून अधिक धांव, आणि हॅम्बलटोनियन जिंकला तो अर्ध्या मानेनें. शेवटच्या टप्प्यांत दोन्ही घोड्यांस चाबकानें व आरेनें रक्तबंबाळ केलें होतें. मालक सर हेन्री व्हेन-टेंपेस्ट यानें स्टब्सकडून चित्र मागविलें. चित्रकार पंच्याहत्तरीचा होता. त्यानें बारा फुटांच्या फलकावर विजयाची धांव काढली नाहीं. खरारा होत असलेला, कान मागें पाडलेला, थकलेला घोडा काढला. मालकानें पैसे दिले नाहींत, स्टब्सला न्यायालयांत जावें लागलें, आणि निकाल त्याच्याकडून झाला. मनूनें निर्जीव वस्तूंवरील पणास द्यूत आणि सजीव प्राण्यांवरील पणास समाह्वय अशीं दोन नांवें देऊन दोहोंसहि राजानें आळा घालावा असें म्हटलें आहे. समाह्वयांत प्राण्याचें काय होतें हें आम्हीं पाहिलेल्या कोणत्याहि आंग्ल चित्रापेक्षां ह्या चित्रांत अधिक खरें दिसतें. आमच्या चार चित्रांतील घोडे घामानें भिजलेलेहि नाहींत.

स्टब्सचीं कित्येक चित्रें आज अमेरिकेंत न्यू हेवन येथें, पॉल मेलन यांनीं स्थापिलेल्या व १९७७ मध्यें उघडलेल्या येल विद्यापीठाच्या आंग्ल कलासंग्रहांत आहेत. त्याच छपराखालीं पुण्याच्या गंगाराम तांबटानें मॅलेटसाठीं काढलेलीं चित्रेंहि आहेत. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील सांखळदंडानें बांधलेला गेंडा त्यांत आहे. तांबटानें जनावर उभें असतांना, डोळ्यांनीं पाहून काढलें. स्टब्स आणि तांबट यांची योग्यता एक असें आम्ही म्हणत नाहीं. पण दोघांची रीत एक आहे.

ह्या प्रकरणाचा आपल्या इतिहासाशींहि संबंध पोंचतो. खालापूर तालुक्यांतच उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजी महाराजांनीं कारतलबखानास तेथें कोंडिलें. परमानंदाच्या शिवभारतांत तें प्रकरण विस्तारानें आलें आहे, आणि त्याचा सगळा जोर अरण्य, अरुंद वाट व कोंडमारा यांवर आहे. खानाच्या फौजेस तेथें घोडा पुढें घालतां येईना आणि मागें फिरवितां येईना. असें असतां हल्लीं ह्या लढाईचीं जीं रंगीत चित्रें निघतात, त्यांत दोन्हीकडचे घोडे चारहि पाय पसरून खिंडींतून उडत असतात. हा न्यूमार्केटचा घोडा शालेय पुस्तकें व दिनदर्शिका यांच्या मार्गानें आमच्या खिंडींत शिरला आहे असें आमचें मत आहे. थोरल्या बाजीरावाविषयीं आख्यायिका सांगतात कीं त्याची तसबीर काढण्यास आलेल्या चिताऱ्यानें त्याला लगाम सैल सोडून, भाला खांद्यास टेंकवून, हातानें कणसें चोळून दाणे खात चाललेला रेखाटला, आणि शत्रूस भीति वाटली ती त्याचीच. आख्यायिकेची सत्यता कांहींहि असो, ती रचणाऱ्यास मराठी स्वारीचा वेग कशांत होता हें कळत होतें.

आतां संग्राहकांस एक विनंती. वर ज्या चार चित्रांचा उल्लेख केला त्यांपैकीं तिहींचा समास कापलेला आहे. नवी चौकट जुन्याहून लहान निघाली म्हणून कात्री चालविली असें कळलें. इंग्लंडांत १७३५ च्या कायद्यानें कोरीव चित्रावर मालकाचें नांव व प्रसिद्धीचा दिवस कोरण्याचें बंधन आलें. म्हणून चित्राखालीं एका अंगास चित्रकार, दुसऱ्या अंगास कोरणारा, आणि मध्यें किंवा अगदीं तळाशीं प्रकाशक, त्याचा पत्ता व तारीख असा मजकूर असतो. ही त्या चित्राची पुष्पिका होय. पोथीचें शेवटचें पान फाडून तिला शोभिवंत पुठ्ठा घालणारा मनुष्य आपल्या मंडळींत निघणार नाहीं. मग येथेंच हात कां धजावा? पुष्पिकेवरहि मात्र एकट्या विसंबूं नये. जुने पत्रे पुढें कित्येक वर्षांनीं पुनः छापीत, आणि कोरलेली जुनी तारीख तशीच उमटे. त्याकरितां कागद उजेडासमोर धरावा. १७९४ नंतरच्या बऱ्याच इंग्रजी कागदांत कारखानदाराच्या नांवाबरोबर सालहि पाणछापांत असतें. समासांतील साल आधींचें आणि कागदांतील साल पुष्कळ नंतरचें असें आढळल्यास तें पुनर्मुद्रण समजावें. जुन्नरी कागद बोटांनीं ओळखणाऱ्यांस हें शिकण्यास एक दुपार पुरेल.

चौकटीची पाठहि पाहत जावी. ज्या तीन चित्रांचे समास गेले, त्यांपैकीं खोपोलीच्या एका चित्राच्या पाठीमागील सागवानी फळीवर मुंबईच्या चौकटकाराची छापील चिठ्ठी आहे. तिचा उजवा अर्धा भाग वाळवीनें खाल्ला आहे. ते चित्र विलायतचें. पण ही फळी, ही चिठ्ठी आणि भिंतीवरचा तो खिळा येथला आहे. मालक फळी बदलणार होते. तूर्त ती तशीच ठेवण्याचें त्यांनीं मान्य केलें असून चिठ्ठीची प्रतिकृति आम्हीं उतरून घेतली आहे.